नोकरी सोडायच्या आधी हे वाच

तुझं लिहिणं दोनदा वाचलं. बाळ आठ महिन्यांचं, रजा संपून दोन महिने झाले, रोज घरातून निघताना पोटात गोळा येतो, रात्री बाळ शांत झोपलेलं असतानाही तुझा डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, 'तुझ्या पगारावाचून काही अडलंय का?' नवरा म्हणतो, 'तुझं तू ठरव.' आणि तू विचारते आहेस की नोकरीनेच आईचं डोकं बिघडतं का.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात पर्सोनेलला होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांचे अर्ज आणि राजीनामे माझ्याच टेबलावरून जायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ते झोपेचं. बाळ उठवतं म्हणून झोप न होणं वेगळं, आणि बाळ झोपलेलं असताना टक्क जागं राहणं वेगळं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येतं, ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. आठ महिन्यांनी जे चाललंय ते त्यातलं नाही. डॉक्टरकडे जा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिंबरो स्केल नावाची दहा प्रश्नांची चाचणी 1987 पासून वापरात आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच त्यात विचारतात, पाच-दहा मिनिटांचं काम. अंगावर पाजत असलीस तर तसं सांग, त्यातही चालणारी औषधं आहेत. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं काही वेडंवाकडं मनात आलं तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, घरच्यांना सांग आणि दवाखाना गाठ.

हे आधी लिहिलं कारण नैराश्यात असताना सगळं आपल्याच नोकरीमुळे होतंय असं ठामपणे वाटतं. राजीनामा दिला, नोकरी गेली आणि आजार घरातच राहिला, अशा मुली मी पाहिल्यात. मग दिवसभर बोलायलाही कुणी नाही. आगीतून फुफाट्यात.

आता मूळ प्रश्न. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास करून 1978 मध्ये मांडलं, की संकट आल्यावर कोणत्या बायका नैराश्यात जास्त सापडतात. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं असणं, लहानपणीच आई गेलेली असणं, आणि चौथं, घराबाहेर नोकरी नसणं. अमेरिकेतल्या आयांना मुलं लहान असल्यापासून काही वर्षं विचारत राहून केलेला एक अभ्यास 2011 मध्ये आला. त्यातही अर्धवेळ काम करणाऱ्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं घरी असलेल्यांपेक्षा कमी निघाली. अर्थात जिची तब्येत बरी तीच नोकरीत टिकते, हाही भाग त्यात असणार. आणि आपल्याकडे धड पगाराची अर्धवेळ नोकरी मिळते कुठे? तरी 'नोकरी म्हणजे डोक्याला ताप' हे सरसकट खरं नाही.

पण नोकरी कसली, यावर बरंच अवलंबून आहे. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना भरपगारी रजा नाही. सुट्टी घेतली की घर सुटतं. कामाने मन रमतं असं त्यांना सांगणं ही थट्टाच. तुझ्याकडे निदान कायदा आहे.

आणि घरात काय चाललंय? सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात 2019 मध्ये स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. 2024 मध्ये बायकांची 289 झाली. ती दहा मिनिटं पुरुषांनी उचलली म्हणावं, तर त्यांचीही घसरून 88 वर आलेली!

मिनिटांपेक्षा डोक्यातली यादी जास्त दमवते. आमच्याकडे दुपारी पाळणाघराचा फोन आला की तो आईलाच. बाबा त्याच कंपनीत, शेजारच्या विभागात असला तरी. 'ताप आहे, घेऊन जा.' ती मशीन सोडून गेट पासच्या सहीसाठी माझ्याकडे धावत यायची आणि बाबाला ते संध्याकाळी कळायचं. म्हणून सांगते, पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर नवऱ्याचा घाल. लसीची तारीख, डायपर, डॉक्टर, यातलं एक खातं पूर्णपणे त्याच्याकडे दे, आठवण करून देण्यासकट. 'सांगितलंस तर करतो' म्हणणारा नवरा मदतनीस झाला, काम तुझ्याच डोक्यावर राहिलं. 'तुझं तू ठरव' हे वाक्यही मला त्यातलंच वाटतं. बाळ दोघांचं आहे, त्यानेही ठरवायला बसायला हवं.

पगाराचा हिशेबही नीट मांडा. 'तुझा पगार पाळणाघरातच जातो' असं म्हणतात तेव्हा फी फक्त आईच्या पगारातून का वजा होते? ती दोघांच्या मिळून पगारातून वजा करा. शिवाय पीएफ, बढती आणि तीन-चार वर्षांनी परत नोकरी शोधताना कापला जाणारा पगार, हे त्या हिशेबात कुणी धरतच नाही.

ऑफिसात काय मागता येईल तेही बघ. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी हा हक्क आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत आली. कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करण्याबद्दलही बोलता येतं. फारशी कुणाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी 26 आठवड्यांच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मिळू शकते. डॉक्टरांनी तुझं नैराश्य प्रसूतीशी निगडित असल्याचं लिहून दिलं तर तो अर्ज कर. तोंडी नको, ईमेलने, आणि प्रत स्वतःकडे ठेव.

उपचार सुरू होऊन झोप यायला लागली आणि तरी नोकरी नकोच वाटली, तर खुशाल सोड, कुणाला स्पष्टीकरण देत बसू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते कळव, अर्जाचा मसुदा हवा असेल तर मी करून देते.