मे महिन्यात राजगड-तोरणा : धारेवर किती वाजता असावं?

प्रश्न : मुलगा मेच्या सुट्टीत घरी येतोय. राजगड ते तोरणा एका दिवसात करू म्हणतो. माझं वय ५२, रोज फिरायला जाते, सिंहगड महिन्यातून दोनदा होतो. झेपेल का? पाणी किती घेऊ?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सिंहगड महिन्यातून दोनदा चढणाऱ्या बाईचे पाय राजगड-तोरण्याला पुरतात. मला काळजी आहे ती उन्हाची.

राजगडाच्या संजीवनी माचीच्या (गडाच्या सपाट सोंडेच्या) अळू दरवाज्यातून धारेवर, म्हणजे दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगररांगेच्या माथ्यावर उतरलात की मध्ये थोडंफार रान लागतं, बाकी सगळं उघडं. मेमध्ये गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि त्याखालचा मुरूम बुटाखालून सरकतो, उतरताना जास्तच. आणि सगळ्यात दमवणारा चढ, तोरण्याच्या बुधला माचीचा, येतो शेवटी. उशिरा निघालात तर तो नेमका भर दुपारी वाट्याला येतो.

आमचं तेच झालं. दहा-अकरा वर्षांपूर्वी भाचीला घेऊन गेले होते. राजगडाच्या पद्मावती माचीवर मुक्काम, सकाळी चहा-पोहे, गप्पा, आणि निघालो साडेसातला. माणशी दोन लिटर पाणी. साडेबाराच्या सुमाराला भाची म्हणाली, "मावशी, थंडी वाजतेय." तिचा हात हातात घेतला तर त्या उन्हात त्याच्यावर काटा आला होता. सॅकच्या काळ्या पट्ट्यावर घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटलेली, पाणी संपलेलं. मागे फिरून धनगराच्या घरापर्यंत यायला अर्धा तास लागला. तिथल्या मावशींनी काही न विचारता तिला ओसरीवर आडवं केलं, लुगड्याचं फडकं हंड्यात बुडवून मानेवर, काखेत ठेवलं, मग मीठ घातलेलं ताक घोट-घोट पाजलं. तासाभराने पोरगी बोलायला लागली. तोरणा त्या दिवशी राहिला. चूक माझी होती, मोठी मी होते.

म्हणून आता माझा हट्ट असतो. पहाटे साडेचारला विजेरी लावून पद्मावतीवरून निघायचं. संजीवनीची वाट अंधारात बेताने चालायची आणि अळू दरवाज्याशी उजाडलेलं असलं पाहिजे. पुढे धार एका डांबरी रस्त्याला येऊन मिळते, तिथे घड्याळ बघा. आठच्या आत पोचलात तर पुढे जा. नऊ वाजून गेले असतील तर रस्त्यानेच तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडे उतरा. मुलगा कुरकुरेल, उतराच. हे त्याच्याशी घरीच ठरवून ठेवा. वर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

पाणी माणशी पाच लिटर. जड होतं, पण गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर मेमध्ये जाऊ नका. त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, कान झाकणारी टोपी. अत्तर, सेंट अजिबात नको. गडांवर आग्या मोहोळं असतात.

डोकं दुखणं, मळमळ, काटा येणं, यातलं काही दिसलं की सावलीत थांबा. माणूस असंबद्ध बोलू लागला तर अंगावर असेल नसेल ते पाणी ओता, वारा घाला आणि लगेच मदत बोलवा. त्याला पाणी पाजत बसू नका.

दुपारनंतर ढग काळे होऊ लागले तर धारेवर राहू नका. वळवाच्या पावसात विजा पडतात.

दोनच्या आत तोरण्यावरच्या मेंगाई देवीच्या देवळात टेकलात की सावली आहे. जेवण तिथेच करा, चारपर्यंत पडून राहा, मगच बिनी दरवाज्याने वेल्ह्यात उतरा. त्या उतारावर पाय थकलेले असतात, काठी जवळ ठेवा. आणि वाटेत करवंदं काळी झालेली दिसली तर मूठभर माझ्या नावाने खा.