फॉर्ममधून गाळलेला दादा

"ताई, माझी माणसं भारतात आहेत. मला क्लिअरन्स मिळेल का?" क्लिअरन्स म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी. अमेरिकेत मेरीलँड-व्हर्जिनिया भागातल्या मराठी कुटुंबांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय, की एकदा नीट लिहावंच असं वाटलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

चौतिशीतला इंजिनिअर. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरी, नुकतंच मिळालेलं अमेरिकन नागरिकत्व. क्लिअरन्ससाठीचा एसएफ-८६ हा शंभरावर पानांचा फॉर्म भरून दोन महिने झाले होते आणि तेव्हापासून झोप उडाली होती. बायकोने पाठवलं म्हणून आला. पहिल्या दोन भेटी नुसत्या झोपेवरच गेल्या. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "घरी फोन कधी करतोस?"

"आईला रोज. दादाला... हल्ली नाही."

"भांडलात?"

बराच वेळ तो खाली बघत राहिला. "दादा भारतीय सैन्यात आहे. फॉर्ममध्ये मी त्याचं नाव लिहिलंच नाही."

इथे बहुतेकांची गल्लत होते. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७पासून लागू असलेल्या १३ निकषांत परदेशी नात्यांचा निकष आहे, पण परदेशात भाऊ आहे म्हणून आपोआप नकार येत नाही. नातं किती जवळचं, देश कोणता, नातेवाईक तिथल्या सरकारशी जोडलेला आहे का, त्याच्यामार्फत तुमच्यावर दबाव येईल का आणि इथे तुमची मुळं किती खोल आहेत, हे सगळं एकत्र तोललं जातं. सैन्यातल्या भावाबद्दल जास्त प्रश्न विचारणार, हे खरंच. पण भाऊ लपवला की गोष्ट दुसऱ्याच निकषात जाते, सचोटीच्या. शिवाय जाणूनबुजून खोटं लिहिणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे त्याला कुणीही त्यावरून धमकावू शकतं, म्हणून एवढी कडक नजर.

"का गाळलंस?"

"क्लिअरन्स मिळालाच पाहिजे होता, ताई."

"मिळाला'च'?"

माझा अनुभव असा, की माणसाला परिस्थिती जेवढी छळत नाही तेवढा हा 'च' छळतो. १९८८ साली ईगन खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की क्लिअरन्सवर कुणाचाही हक्क नाही. मग 'च' आला कुठून?

"या 'च'ने तुला काय काय करायला लावलं?"

तो बोटं मोजू लागला. नाव गाळलं. फोन बंद केले. राखीपौर्णिमेला बहिणीच्या व्हिडिओ कॉलवर दादा दिसला, तेव्हा कॅमेरा बंद केला. मग बोटं थांबली. "दादाच्या पगारावर मी शिकलो, ताई. आणि मीच त्याला कागदावरून पुसलं."

तो रडला, मी थांबले. तोवर मला वाटत होतं, याला पकडलं जाण्याची भीती आहे. ती वरवरची होती. आत कृतघ्नपणाची टोचणी होती. ती हाती लागली नसती, तर झोपेवर वर्षभर बोलूनही काही उपयोग झाला नसता. पुढच्या भेटीत मी त्याच्याकडून वाक्य बदलून घेतलं : "क्लिअरन्स मिळावा ही मनापासून इच्छा आहे. नाही मिळाला तर वाईट वाटेल, दुसरं काम शोधीन." आधी ओठांवरून आलं. चौथ्यांदा आवाज बदलला.

चूक स्वतःहून, लवकर आणि कुणी पुरावा समोर ठेवण्याआधी दुरुस्त केली, तर नियम ते तुमच्या बाजूने धरतात. त्यासाठी आधी या विषयातल्या वकिलाला भेटा, मग कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला. नाती तोडू नका, नोंदवा. आणि 'समुपदेशन घेतलं तर क्लिअरन्स जाईल' या भीतीने कुढत बसू नका. केवळ समुपदेशन घेतलं म्हणून प्रतिकूल मत बनवता येत नाही, असं त्याच निकषांत लिहिलंय.

तपास अधिकाऱ्याच्या मुलाखतीआधी त्याने दुरुस्ती दिली. प्रश्न भरपूर आले, निर्णयाला वेळ लागला, पण क्लिअरन्स मिळाला. मला मात्र त्याने सांगितलेला एक फोन जास्त आठवतो. फॉर्मला दादाची जन्मतारीख आणि जन्मगाव हवं होतं. किती महिन्यांनी त्याने दादाला फोन लावला होता.

"जन्मगाव? आजोळी, सासवडला रे," दादा म्हणाला. "लिही नीट. आणि जेवलास का?"