विमा कमिशन असेल तर 'सहज' की 'सुगम'?

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहतो, बँकेतून निवृत्त आहे. पेन्शन, मुदतठेवींचं व्याज आणि विमा एजन्सीचं 1 लाख 40 हजार कमिशन, एवढंच उत्पन्न. 2024-25चं आयकर विवरणपत्र नव्या करपद्धतीने 'सहज' (आयटीआर-1) फॉर्ममध्ये मुदतीत भरलं, कमिशन 'इतर उत्पन्ना'त दाखवलं. परवा विवरण सदोष असल्याची नोटीस आली. शेजारी म्हणतात, 'सुगम' (आयटीआर-4) फॉर्म भरून टाका. भरू का?

उत्तर : नको. तुम्ही उत्पन्न दडवलेलं नाही, त्यामुळे घाबरू नका. चुकला तो फॉर्म. विमा एजन्सी हा व्यवसाय धरला जातो आणि व्यवसायाचं उत्पन्न सहजमध्ये बसत नाही. कंपनीने कलम 194डी खाली टीडीएस कापला असेल, तर 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, ते दिसतंच.

सुगमचा मोह मी समजू शकतो. त्यात छोट्या धंद्यांसाठीच्या कलम 44एडीप्रमाणे एकूण जमेच्या 8 टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के) नफा दाखवला की मोकळे! पण त्याच कलमाच्या पोटकलम 6ने कमिशन, दलाली आणि एजन्सीचा धंदा वगळला आहे. शेजाऱ्यांचं दुकान असेल तर त्यांना सुगम चालेल, तुम्हाला नाही.

तुमचा फॉर्म आयटीआर-3. लांबलचक आहे, पण बहुतेक रकाने तुम्हाला लागू नाहीत. कमिशन अडीच लाखांच्या आत असल्याने हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. 'हिशेब न ठेवलेल्यां'च्या भागात एकूण कमिशन, खर्च आणि निव्वळ नफा भरा. पेट्रोल, फोन यांचा एजन्सीपुरताच खर्च धरा. घरचं वीजबिल त्यात घुसडू नका.

नोटिशीपासून 15 दिवस मिळतात. आयकर पोर्टलवर ई-प्रोसीडिंग्जमध्ये जाऊन सदोष विवरणाच्या कलम 139(9) खालीच उत्तर द्या, सुधारित विवरण म्हणून नव्हे. मूळ पावतीचा आणि नोटिशीचा क्रमांक हाताशी ठेवा. वेळ पुरणार नसेल तर आधीच मुदतवाढ मागा, नाहीतर विवरण भरलंच नव्हतं असं धरलं जातं. नोटीस बेंगळुरूच्या केंद्राची असते, इथल्या आयकर भवनात खेटे घालून उपयोग नाही.

नव्या पद्धतीत होतात म्हणून वाचलात. जुनी घेतली असती, तर व्यवसाय-उत्पन्नामुळे ती निवड कळवणारा फॉर्म 10-आयईए मुदतीत भरावा लागला असता. सहजमध्ये नुसती खूण करून भागतं, आयटीआर-3मध्ये नाही. पुढे 80सीच्या गुंतवणूक-वजावटीसाठी जुनीकडे वळायचं मनात असेल, तर एक लक्षात ठेवा : जुनीतून नवीत एकदा परतलात की एजन्सी चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.