चार्ज मिळाला, आता शिकायचं कधी?

प्रश्न: नमस्कार, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका, नुकताच चार्ज घेतलाय. आधी गणित शिकवायचे, आता दिवस जातो यूडायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची, माहिती भरण्यात, माध्यान्ह आहाराच्या हिशोबात नि पालकांच्या तक्रारींत. वर्षाला 50 तास ट्रेनिंग करा म्हणतात, म्हणून रात्री मोबाईलवर व्हिडिओ लावून ठेवते आणि सर्टिफिकेट येतं. ह्याचा खरंच उपयोग असतो का? शिवाय स्टाफमधल्या दोघी माझ्यापेक्षा सीनियर, त्यांच्या वर्गात जाऊन बसायला संकोच वाटतो.

उत्तर: ताई, व्हिडिओ लावून ठेवला तर तास भरतात, बाकी काही होत नाही. हे 50 तास आले 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून, पण त्यात मुख्याध्यापकांसाठी नुसतं प्रशासन नाहीये, शिकवणं कसं सुधारायचं तेही आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडे मागे पडतं. दीक्षा ह्या सरकारी ऑनलाईन पोर्टलवरचे निष्ठाचे, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे, कोर्स आहेतच, पण खास शाळाप्रमुखांसाठी हवं तर दिल्लीच्या नीपा ह्या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेतल्या नॅशनल सेंटर फॉर स्कूल लीडरशिपचा ऑनलाईन कोर्स बघा. पर्वरीला एससीईआरटीच्या, म्हणजे राज्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या, कार्यशाळेला बोलावलं तर जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या हेडमास्तरांशी बोला, माझ्या मते अर्धं शिक्षण तिथंच होतं. दहा कोर्स करू नका हां, शाळेत सगळ्यात जास्त सतावणारी एकच गोष्ट धरा, समजा नववीची मुलं गणितात अडतात, आणि त्याच्याशी जुळेल तेवढंच निवडा.

आता त्या दोघींचं. आधी त्यांनाच तुमच्या गणिताच्या तासाला बोलवा, मागच्या बाकावर बसवा आणि सांगा की कुठली मुलं तासभर गप्प बसली तेवढंच बघा, मग त्या काय सांगतील ते मुकाट्याने ऐका, तुमच्या तासातल्या चुका काढायला मिळाल्या की त्यांच्या वर्गाचं दार आपोआप उघडतं. तुम्ही जाल तेव्हा आदल्या दिवशी सांगून जा, रजिस्टर घेऊन नको, नाहीतर ती इन्स्पेक्शन वाटते, आणि बोलणं त्याच दिवशी करा, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तर अजिबात नको.

वेळ कुठून काढायचा म्हणाल तर आहाराचा हिशोब एका शिक्षकाकडे द्या, यूडायसची माहिती क्लार्कला भरू दे, तुम्ही तपासून सही करा. आणि ती सर्टिफिकेटं मात्र फाईलला लावून ठेवा, कोण कधी मागेल सांगता येत नाही.