इंग्रजी बोलणाऱ्यांना रशियन 'ы' या स्वराचा, म्हणजे जीभ मागे ओढून काढलेल्या जाड 'ई'चा, उच्चार कसा शिकवावा?

आधी 'ऊ' लांब धरायला सांगा. मग जीभ अजिबात न हलवता फक्त ओठ हसल्यासारखे फाकवायचे. जे निघेल ते बरंचसं जवळचं असतं. पहिल्या दिवशी सगळे हसतात, हसू द्या, ओठ आपोआप फाकतात!

इंग्रजी भाषक हमखास 'म्वी' म्हणतात ('आम्ही' या अर्थाचा रशियन शब्द). तो मधला 'व' ओठ गोल केल्याने घुसतो, म्हणून आरसा हवाच. फक्त या स्वराने अर्थ बदलणाऱ्या रशियन शब्दांच्या जोड्या ऐकवा: जाड स्वराने 'быть' (असणे), साध्या 'ई'ने 'бить' (मारणे), तसंच 'мыло' (साबण) आणि 'мило' (गोड रीतीने). खरा फरक आधीच्या व्यंजनातही असतो, कठोर की मृदू (मृदू म्हणजे जीभ टाळूकडे उचलून काढलेलं). रशियनमध्ये बिनआघाती (जोर न दिलेल्या) 'ओ'चा 'अ' होतो, तो मात्र त्यांना लवकर जमतो.