हर्मिट क्रॅबना प्रथिनांसाठी किडे द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणते?

आपल्या मुलीने जर्सी शोअरच्या (अमेरिकेतील न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावरील) बोर्डवॉकवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावरून, दोन हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणले आहेत, त्यांना प्रथिनांसाठी किडे घालावेत असे आपल्याला कोणी सुचवले आहे, आणि घर शाकाहारी असल्यामुळे किड्यांवाचून भागेल का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे हे प्राणी पाळत आलो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: किडे द्यावेत, पण वाळवलेले, चुरून आणि थोडेच द्यावेत, तसेच किडा कोणता यापेक्षा तो कुठून आला याची चौकशी आधी करावी.

बोर्डवॉकवर मिळणारे खेकडे बहुधा कोएनोबिटा क्लिपिएटस या जातीचे असतात. दक्षिण फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यालगतच्या झाडीत ते राहतात. त्यांची पिल्ले समुद्राच्या पाण्यात वाढत असल्यामुळे घरगुती पैदास फारच अवघड आहे, आणि म्हणून दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा निसर्गातून पकडून आणलेला असतो. तिथे तो गळलेली पाने, पडकी फळे, कुजके लाकूड, किनाऱ्याला लागलेले मेलेले मासे आणि मेलेले किडे असे जे सापडेल ते खातो. तो शिकारी नव्हे. त्यामुळे टाकीत जिवंत क्रिकेट (रातकिडे) सोडून तो त्याच्यामागे धावेल अशी अपेक्षा ठेवू नये. उलट धोकाच अधिक आहे, कारण सुटलेल्या अळ्या वाळूत शिरतात आणि कात टाकण्यासाठी खाली पुरून बसलेल्या मऊ अंगाच्या खेकड्याला कुरतडू शकतात. जिवंत किडेच हाताशी असतील तर ते दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि मगच वापरावेत.

प्रथिनांची गरज सर्वांत जास्त भासते ती या कात टाकण्याच्या आगेमागे. खेकड्याचे अंगावरचे कवच कायटिन या चिवट तंतुमय द्रव्याच्या जाळीत कॅल्शियम कार्बोनेट बसून तयार होते. जुने कवच टाकल्यावर तो तेच खाऊन टाकतो, ते त्याच्यासाठीच असते, म्हणून टाकी स्वच्छ करण्याच्या उत्साहात ते उचलून फेकू नये. किड्यांतून त्याला प्रथिने आणि कायटिन ही दोन्ही एकाच घासात मिळतात, आणि मांसाच्या तुकड्यापेक्षा किडा सरस ठरतो तो यामुळेच. एकत्र ठेवलेल्या खेकड्यांना प्रथिने कमी पडली की नुकत्याच कात टाकलेल्या सोबत्यावर ते हल्ला करतात, असाही अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

आता कोणता किडा घ्यावा? दुकानांत सर्वाधिक खपतात त्या मीलवर्मच्या अळ्या, आणि माझ्या मते त्यांचे कौतुक जरा जास्तच होते. वाळवलेल्या मीलवर्ममध्ये वजनाच्या सुमारे निम्मी प्रथिने असतात हे खरे, परंतु चरबीही पुष्कळ असते आणि फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम अगदी नगण्य असते. रोज तेवढेच घातले तर कवचासाठी लागणारा मुख्य माल कमीच पडणार. क्रिकेटमध्ये प्रथिने अधिक आणि चरबी कमी असते, पण कॅल्शियमची उणीव तीच. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या मात्र आपल्या त्वचेत कॅल्शियम साठवतात, म्हणून एकच पाकीट घ्यायचे झाल्यास मी तेच घेण्यास सांगेन. कोंबड्यांना खाऊ म्हणूनही त्या विकल्या जात असल्यामुळे सहज मिळतात. कोणताही किडा घेतला तरी जोडीला समुद्रफेन, म्हणजे पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात ते कटलफिशचे हाड, टाकीत कायम ठेवावे. तसेच अंड्याचे कवच उकळून, वाळवून, बारीक कुटून ठेवले तरी चालते.

दोन लहान खेकड्यांना आठवड्यातून दोनतीनदा चिमूटभर चुरा पुरतो. हे प्राणी रात्री हिंडतात, म्हणून संध्याकाळी उशिरा अन्न ठेवावे आणि सकाळी उरलेले काढून टाकावे, कारण या खेकड्यांना श्वसनासाठी सुमारे ऐंशी टक्के आर्द्रता लागते आणि तेवढ्या दमट हवेत वाळलेल्या किड्याला एका दिवसात बुरशी धरू शकते. रोज एकच पदार्थ देऊ नये. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोएनोबिटा कॉम्प्रेसस या भाऊबंद जातीवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की नुकतेच जे खाल्ले त्यापेक्षा वेगळे अन्न हे खेकडे पसंत करतात. तेव्हा काल आवडीने खाल्लेली अळी आज त्यांनी तशीच सोडली तर ते आजारी आहेत असे लगेच समजू नये.

घरात, अंगणात किंवा दिव्याखाली सापडलेले किडे मात्र कदापि देऊ नयेत. पेस्ट कंट्रोलच्या फवारणीत आणि हिरवळीवर मारल्या जाणाऱ्या औषधांत सर्रास असणारी पायरेथ्रॉइड द्रव्ये कवचधारी प्राण्यांना अतिशय विषारी असतात, आणि किडा मेला कशाने हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. मासे पकडण्याच्या आमिषासाठी विकलेल्या अळ्याही मी टाळतो, कारण त्यांना काय खाऊ घातले आहे हे कोणी सांगत नाही.

शाकाहाराविषयी बोलायचे तर पूर्णपणे वनस्पतींवर हे खेकडे वर्षानुवर्षे निरोगी ठेवावेत, असा सल्ला मी देणार नाही. पालक-गाजर, स्पिरुलिना (एक प्रकारचे शेवाळ), शेवग्याच्या पानांची पूड, बिनमिठाचे अक्रोड आणि भोपळ्याच्या बिया हे सर्व त्यांना जरूर द्यावे; अळिंब्यांमध्ये तर थोडे कायटिनही असते. पण या सगळ्याने किड्यांची जागा भरून निघत नाही. घरात अंडे चालत असेल तर कवचासकट उकडलेले अंडे कुस्करून देणे हा उत्तम मधला मार्ग आहे. किड्यांची पूड विकत मिळते. ती वेगळ्या डबीत आणि वेगळ्या चमच्याने स्वयंपाकघराबाहेर हाताळता येते, आणि पूड पाहिल्यावर किडा आठवतही नाही. फक्त घरात कोणाला कोळंबीची किंवा धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी असेल तर त्या व्यक्तीने ही पूड हाताळू नये, कारण किड्यांतील काही प्रथिने त्यांच्याशी मिळतीजुळती असतात आणि तशीच प्रतिक्रिया येऊ शकते.

दुकानदाराने दिलेल्या दाण्यांच्या पाकिटावरील घटकांची यादीही एकदा पाहावी. त्यात कॉपर सल्फेट (तांब्याचा क्षार) किंवा एथॉक्सिक्विन (अन्न टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) दिसल्यास मी ते वापरत नाही. या खेकड्यांच्या रक्ताला तांबे लागते हे खरे आहे, पण ते नैसर्गिक अन्नातूनच पुरेसे मिळते, आणि जास्त झालेले तांबे त्यांना घातक असते.