गाडी आयडलला उभी असताना अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो का?

होय, अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बॅटरी चार्ज करतो, मात्र पूर्ण क्षमतेने नव्हे. इंजिन आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना, मिनिटाला साधारण 800 फेरे घेत असले, तरी क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली मोठी आणि अल्टरनेटरची लहान असल्यामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट वेगाने, म्हणजे 2000 ते 2400 फेऱ्यांनी फिरत असतो. वेग उतरला की रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर राखणारा भाग) रोटरच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाच्या, गुंडाळीतला प्रवाह वाढवतो, त्यामुळे चुंबकक्षेत्र बळकट होते आणि व्होल्टेज 14 च्या आसपास टिकते. अल्टरनेटरच्या आधी गाड्यांत असलेल्या जुन्या डायनामोला हे साधत नसे. सिग्नलला गाडी थांबली की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागे.

खरी मर्यादा अँपिअरची, म्हणजे किती प्रवाह मिळतो याची आहे. हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू असतील, तर कमी पडलेला प्रवाह बॅटरीच पुरवते, म्हणजे चार्ज होण्याऐवजी ती उतरू लागते. शंका असल्यास बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावून पाहावे. हे सगळे चालू असताना व्होल्टेजचा आकडा 13 च्या खाली गेला आणि किंचित रेस देताच वर चढला, तर अल्टरनेटर बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी त्याचा बेल्ट सैल झाला आहे का, एवढे आधी तपासून घ्यावे.